रडारवरची उंची आणि जमिनीचा इशारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळाच्या आसपास राहणारे लोक, हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि सह्याद्रीत भटकणारी मंडळी यांच्याकडून सतत येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी नोकरीची बरीच वर्षं रडारच्या पडद्यासमोर बसून काढली, आता शिकवतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे. विमानाची उंची फुटांत बोलली जाते, डोंगरांची आपल्याला मीटरमध्ये पाठ असते. म्हणून डोंगरांच्या बाबतीत दोन्ही आकडे दिले आहेत.

१. रडार विमानाची उंची कशी मोजतं?

मोजत नाही. बहुतेकांना इथेच धक्का बसतो, म्हणून हा प्रश्न पहिला. प्राथमिक रडार लहरी सोडतं, त्या विमानावर आपटून परत येतात आणि विमान कोणत्या दिशेला, किती अंतरावर आहे एवढं कळतं. ते पाच हजार फुटांवर आहे की पंधरा हजारांवर, हे त्या ठिपक्यावरून सांगता येत नाही. उंची सांगतं ते विमान स्वतः. दुय्यम रडार विमानाला विचारतं, विमानातला ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो आणि त्या उत्तरात विमानाच्याच उंचीमापकाचा आकडा असतो. जुन्या 'मोड सी'मध्ये तो शंभर फुटांच्या टप्प्यांनी येतो, 'मोड एस'मध्ये पंचवीस फुटांच्या.

हा फरक किती महागात पडू शकतो ते १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसलं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. दिल्लीच्या कंट्रोलरसमोर तेव्हा फक्त प्राथमिक रडार होतं. दोन ठिपके जवळ येताना दिसत होते; उंची मात्र वैमानिक तोंडी सांगेल तीच धरायची.

२. पडद्यावर विमानाशेजारी काय लिहिलेलं असतं?

एक छोटं लेबल. त्यात विमानाचं कॉलसाइन (रेडिओवर हाक मारायचं नाव), शेकड्यांतली उंची (०३५ म्हणजे ३,५०० फूट), चढतंय की उतरतंय ते दाखवणारा बाण, कंट्रोलरने दिलेली उंची आणि वेग. विमानतळाजवळचं रडार साधारण चार-पाच सेकंदांत एक फेरा मारतं, म्हणजे आकडाही तेवढ्याच वेळाने बदलतो. मिनिटाला दीड हजार फुटांनी उतरणारं विमान एका फेऱ्यात शंभरेक फूट खाली आलेलं असतं. हे गणित प्रश्न ७ मध्ये पुन्हा लागेल.

३. विमानाने सांगितलेला आकडा बरोबर आहे हे कशावरून धरायचं?

पहिल्या संपर्कात वैमानिक आपली उंची तोंडी सांगतो. कंट्रोलर ती लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहतो. सर्वसाधारण हवाई क्षेत्रात तीनशे फुटांपर्यंतचा फरक चालतो. वरच्या थरात, जिथे विमानांमध्ये एक हजार फुटांचंच अंतर ठेवतात, तिथे दोनशेच. फरक त्याहून जास्त निघाला तर वैमानिकाला दाबाचा आकडा (प्रश्न ४) तपासायला सांगायचं. तरीही जुळलं नाही तर उंचीचं प्रसारण बंद करायला सांगायचं. चुकीचा आकडा पडद्यावर असण्यापेक्षा आकडाच नसलेला बरा. नसलेल्या आकड्यावर कोणी विसंबत नाही.

४. क्यूएनएच, १०१३ हे काय प्रकरण आहे? पावसाळ्यात त्याने फरक पडतो का?

पडतो, आणि मुंबईत चांगलाच पडतो. विमानाचा मुख्य उंचीमापक हे खरं तर दाब मोजणारं उपकरण आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, त्यावरून ते उंची काढतं. पण जमिनीवरचा दाब रोज बदलतो. त्या दिवशीचा, समुद्रसपाटीवर आणलेला स्थानिक दाब म्हणजे क्यूएनएच. कंट्रोलर तो सांगतो, वैमानिक उंचीमापकात बसवतो. उंचावर उडताना मात्र सगळी विमानं एकच ठरीव आकडा लावतात : १०१३.२५ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक).

समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण अठ्ठावीस फूट धरा. हिवाळ्यात मुंबईतला दाब या ठरीव आकड्याच्या आसपास असतो. आषाढात, जोरदार पाऊस लागलेला असताना, तो बराच खाली येतो. समजा क्यूएनएच १००० आहे आणि वैमानिक १०१३ बदलायला विसरला. तेरा गुणिले अठ्ठावीस, म्हणजे त्याचा उंचीमापक सुमारे ३६० फूट जास्त दाखवेल. त्याला वाटेल आपण दोन हजारांवर आहोत. प्रत्यक्षात तो साडेसोळाशेच्या जवळपास असेल. डोंगर ढगात बुडालेले असतात तेव्हाच ही चूक सगळ्यात मोठी होते. पावसाळ्यात कंट्रोलर क्यूएनएच स्पष्ट, एकेक आकडा तोडून सांगतो आणि वैमानिकाने परत म्हणून दाखवला की कान देऊन ऐकतो, ते यासाठी.

५. वैमानिकाने चुकीचा क्यूएनएच लावला तर रडारवरही चुकीचीच उंची दिसणार ना?

नाही. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण जमिनीवरच्या इशाऱ्याची खरी ताकद इथे कळते. ट्रान्सपॉन्डर जो आकडा पाठवतो तो नेहमी १०१३.२५ च्या हिशेबाने असतो, वैमानिकाने बटण फिरवून काहीही लावलेलं असो. त्या दिवशीच्या दाबाची दुरुस्ती जमिनीवरचा संगणक करतो. म्हणजे वैमानिकाची चूक त्याच्या स्वतःच्या पडद्यावर दिसत नाही, पण आमच्या पडद्यावर दिसते.

२३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नेमकं हेच घडलं. क्यूएनएच १००१ होता. कंट्रोलरने चुकून १०११ सांगितला आणि वैमानिकानेही १०११ असाच परत म्हटला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे २८० फूट. पाऊस होता, धावपट्टी दिसत नव्हती आणि ते एअरबस ए३२० दाबाच्या उंचीवर बेतलेल्या उपग्रह-अप्रोचने (अप्रोच म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याची ठरीव वाट) उतरत होतं. उपकरणांच्या मते सगळं जागच्या जागी होतं. जमिनीवरची इशाऱ्याची यंत्रणा (प्रश्न ६) मात्र वाजली. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं, पण तोवर ते धावपट्टीच्या टोकापासून पाऊण-एक सागरी मैल आधीच जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत आलं होतं. विमानातली जमिनीची सूचना देणारी यंत्रणा गप्पच राहिली होती.

कंट्रोलरने इशाऱ्यानंतर नऊ सेकंदांनी वैमानिकांना सांगितलं. पण ते ठरलेल्या शब्दांत नव्हतं आणि त्यात क्यूएनएचचा आकडा नव्हता. तो का असावा लागतो, ते प्रश्न ७ मध्ये.

मोड एसचा आणखी एक उपयोग : वैमानिकाने उंचीमापकात कोणता दाब बसवला आहे तो आकडाही विमान पाठवू शकतं. जिथे तो कंट्रोलरच्या पडद्यावर आणला आहे तिथे अशी चूक उतरण सुरू होण्याआधीच पकडता येते.

६. 'एमसॉ' म्हणजे काय?

किमान सुरक्षित उंचीचा इशारा देणारी संगणकीय व्यवस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही तिला एमसॉ म्हणतो. संगणकात त्या भागाचा उंचसखलपणा चौकोनाचौकोनांनी भरलेला असतो : डोंगर, मनोरे, चिमण्या, उंच इमारती. प्रत्येक विमानाची जागा, उंची, वेग आणि उतरण्याचा दर घेऊन संगणक पुढच्या काही क्षणांचा अंदाज बांधतो. विमान त्या चौकोनाच्या सुरक्षित उंचीखाली गेलं किंवा जाणार असं दिसलं, की लेबल रंग बदलून लुकलुकतं आणि आवाज होतो.

याच्याच जोडीला आणखी जाळी असतात. दोन विमानं एकमेकांजवळ येत असतील तर वेगळा इशारा, निषिद्ध क्षेत्रात कोणी शिरत असेल तर वेगळा, आणि उतरतानाच्या ठरीव उताराखाली विमान गेलं तर वेगळा. या सगळ्यांना 'सुरक्षा जाळी' म्हणतात. सर्कशीतल्या झुल्याखाली असते तशी. तिच्या भरवशावर कोणी झुला सोडत नाही.

७. इशारा वाजला की कंट्रोलर नेमकं काय करतो?

आधी बोलतो, कारणं नंतर शोधतो. कंट्रोलरने स्वतः दिशा देऊन नेत असलेलं विमान असेल, तर लगेच सुरक्षित उंचीवर चढायला सांगायचं, गरज पडली तर दिशाही बदलायची. विमान स्वतःच्या मार्गदर्शनावर असेल तर इशारा आल्याचं सांगून उंची तपासायला लावायची. शब्द जगभर ठरलेले आहेत : कॉलसाइन, मग 'लो अल्टिट्यूड वॉर्निंग, चेक युअर अल्टिट्यूड इमिजिएटली, क्यूएनएच इज' आणि पुढे आकडा. जमीन फारच जवळ असेल तर 'टेरेन अलर्ट' आणि काय करायचं ते.

त्या वाक्यात क्यूएनएच शोभेसाठी नाही. उंची तपासायला सांगितलं तर वैमानिक उंचीमापकाकडे पाहणार, आणि तोच चुकीच्या दाबावर असेल तर त्याला सगळं ठीकच दिसणार. खरा दाब ऐकू आला तरच चूक कुठे आहे ते त्याच्या लक्षात येईल.

आता प्रश्न २ मधलं गणित आठवा. संगणकाला खात्री पटायला एक-दोन फेरे लागतात, त्यात शंभर ते अडीचशे फूट जातात. कंट्रोलरने 'खोटा असेल का' म्हणून आणखी एक फेरा वाट पाहिली, की आणखी शंभर. वाक्य बोलायला चार-पाच सेकंद, वैमानिकाला हात हलवायला दोन-तीन. बेरीज तुम्हीच करा.

८. विमानातच 'पुल अप, पुल अप' असं ओरडणारं यंत्र असतं, मग जमिनीवरचा इशारा कशाला?

दोघांचे डोळे वेगळे आहेत. विमानातलं मूळ यंत्र रेडिओ उंचीमापकावर चालायचं. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सरळ खाली सोडतो आणि पायाखालच्या जमिनीपासूनचं अंतर मोजतो, तेही साधारण अडीच हजार फुटांच्या आतच. समोर कडा उभा असेल तर तो पायाखाली येईपर्यंत याला पत्ता नसतो. सह्याद्रीचे सुळके ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने हे यंत्र घडवलं आणि पुढे नव्वदच्या दशकात त्यात जगाचा उंचसखल नकाशा घालून ते पुढे पाहणारं केलं. त्यामुळे किती जीव वाचले त्याची मोजदाद होऊ शकत नाही, कारण न घडलेला अपघात कुठे नोंदला जात नाही.

जमिनीवरचा इशारा आणि विमानातला इशारा वेगवेगळ्या चुका पकडतात. पॅरिसमध्ये (प्रश्न ५) विमानातलं यंत्र गप्प राहिलं, जमिनीवरचं बोललं. उलटही होतं : रडारच्या कक्षेबाहेर, डोंगरामागे, समुद्रावर दूर, फक्त विमानातलंच यंत्र सोबतीला असतं. आणि विमानातलं यंत्र 'पुल अप' म्हणालं, तर वैमानिक कंट्रोलरला विचारत बसत नाही. विमान वर घेतो, मग सांगतो.

९. मुंबई तर समुद्रकाठी आहे. इथे डोंगराचा धोका कसला?

विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून अवघी बारा मीटर, म्हणजे चाळीसेक फूट. म्हणूनच आजूबाजूचं प्रत्येक टेकाड मोजावं लागतं. उत्तरेला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं जांभुळमाळ ४६८ मीटर, म्हणजे दीड हजार फुटांवर. आग्नेयेला ट्रॉम्बेची टेकडी सुमारे ३०० मीटर, जवळजवळ हजार फूट. ठाण्याच्या खाडीपलीकडे पारसिकची रांग. पुढे माथेरान ८०० मीटर, सव्वीसशे फूट. आणि त्यामागे सह्याद्रीची मुख्य भिंत, कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. पूर्वेकडून येणारं प्रत्येक विमान ही भिंत ओलांडून मगच कोकणात उतरतं. उतरण थोडी जरी लवकर सुरू झाली तरी ही भिंत वाटेत येते.

विमानं अशी डोंगरावर आदळल्याची दोन उदाहरणं सांगतो. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान ऐन पावसात मुंबईला उतरायला आलं आणि घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. पंचेचाळीस जण गेले. त्यात इंडोनेशियाहून परतणारे तेरा अमेरिकी पत्रकार होते. ती टेकडी सातशे फुटांचीही नाही.

दुसरा अपघात ७ जुलै १९६२ चा. अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून रात्री मुंबईकडे येत होतं. आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जवळ पोहोचलो असा वैमानिकांचा समज झाला आणि विमान घाटमाथ्यावर असतानाच खाली आलं. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फुटांवर, ते आदळलं. चौऱ्याण्णव जण होते, कोणी वाचलं नाही. अपघाताची जागा मुंबईपासून आकाशमार्गे ऐंशीएक किलोमीटर. शिवनेरीवर जाताना मी मुलांना त्या दिशेला बोट दाखवून हे सांगतो, आणि विचारतो : मुंबई किती लांब आहे हे त्या विमानाला त्या क्षणी कोण सांगू शकलं असतं? दोन्ही तारखा जुलैच्या आहेत, तेवढंही लक्षात ठेवा.

१०. घाटकोपर-कुर्ल्यावरून विमानं इतकी खालून जातात. तिथे इशारा का वाजत नाही?

ती खाली असायलाच हवीत म्हणून. पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर, म्हणजे २७ वर, येणारं विमान तीन अंशांच्या उतारावर असतं. दर किलोमीटरला ते सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट खाली येतं. कोपरखैरण्याच्या डोक्यावर ते साधारण सव्वादोन हजार फुटांवर असायला हवं, धावपट्टीच्या टोकापासून अडीच किलोमीटरवर पावणेपाचशे फुटांवर, आणि जरीमरीच्या घरांवर तर अगदी छपरांना लागून गेल्यासारखं वाटतं. इथे साधा 'इतक्या फुटांखाली नको' हा नियम लावला तर दिवसभर प्रत्येक विमानाला इशारा वाजेल. म्हणून शेवटच्या टप्प्यात संगणक चौकोनी नकाशाऐवजी त्या उताराशी तुलना करतो. विमान उताराच्या बरंच खाली गेलं, तरच वाजतो.

११. ट्रॉम्बेच्या टेकडीमुळे दुसरी धावपट्टी कमी वापरतात, हे खरं का?

टेकडी हे एक कारण आहे. १४/३२ या धावपट्टीच्या आग्नेय टोकापासून ट्रॉम्बेची टेकडी साडेचार सागरी मैलांवर, म्हणजे आठेक किलोमीटरवर येते, आणि तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्रही आहे. त्या बाजूने उतरणं किंवा त्या बाजूला उडणं दोन्हीला मर्यादा येतात. शिवाय दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थाने एकच वापरता येते.

१२. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाला उंचीची परवानगी अडली आहे. त्याचा रडारच्या इशाऱ्याशी संबंध आहे का?

थेट नाही, पण मूळ एकच. विमानतळाभोवती काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात आणि त्यांना छेदणारं काही बांधता येत नाही. साधारण चार किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या उंचीपासून ४५ मीटर ही सपाट मर्यादा. त्याबाहेर ती हळूहळू वर चढत जाते. धावपट्टीच्या समोर मात्र उताराचा पृष्ठभाग त्याहून खाली असतो : पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढाच. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार ना-हरकत प्रमाणपत्र भारतीय विमानतळ प्राधिकरण देतं. जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि इमारतीची उंची यांची बेरीज मोजली जाते. म्हणून टेकाडावरच्या प्लॉटला सखल भागापेक्षा कमी मजले मिळतात.

रहिवाशांचा त्रास मला कळतो. तीस वर्षं गळक्या घरात राहणाऱ्याला 'चार मजले कमी करा' हे ऐकणं सोपं नसतं. तरीही एक सांगतो. अर्जात तात्पुरत्या क्रेनची उंचीही प्रामाणिकपणे द्या. इमारत नियमात बसते, तिच्यावरची क्रेन बसत नाही, असं घडू शकतं. आणि संगणकाच्या नकाशात जे भरलेलं नाही त्याच्याबद्दल इशारा वाजू शकत नाही.

१३. हा इशारा बंद करता येतो का?

येतो, आणि काही ठिकाणी तो विचारपूर्वक बंद ठेवावाही लागतो (प्रश्न १० आणि १५). पण कटकट नको म्हणून बंद केला तर काय होतं त्याचं उदाहरण ग्वामचं आहे. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचं ७४७ रात्री, पावसात, ग्वामला उतरत होतं. उताराचा कोन दाखवणारा सिग्नल बंद होता. विमान धावपट्टीच्या सुमारे तीन मैल अलीकडे निमिट्झ हिलवर आदळलं. २५४ पैकी २२८ जण गेले. चौकशीत निघालं, की खोटे इशारे फार येतात म्हणून तिथली एमसॉ व्यवस्था विमानतळाभोवती ५४ सागरी मैलांपर्यंत गप्प केलेली होती. तिची एकूण कक्षाच पंचावन्न मैलांची. म्हणजे कडेची एक मैलाची पट्टी तेवढी जागी होती.

माझ्या मते इशारा बंद करण्याचा प्रत्येक निर्णय लेखी, तारखेसह आणि मुदतीसह असावा, आणि पाळी बदलताना तो मोठ्याने वाचला जावा.

१४. खोटे इशारे खूप येतात का? मग कंट्रोलर त्यांच्याकडे दुर्लक्ष करत असतील.

येतात. झपाट्याने उतरणारं पण वेळेवर सरळ होणारं विमान, ट्रान्सपॉन्डरचा एखादा भरकटलेला आकडा, नकाशातला उगाच मोठा ठेवलेला चौकोन. उपाय नकाशा बारीक करण्यात आहे, आवाज कमी करण्यात नाही. अलीकडे विमानातल्या यंत्राची वेगळी अडचण वाढली आहे : काही प्रदेशांत उपग्रहाचे बनावट सिग्नल सोडले जातात, विमानाला आपण भलत्याच ठिकाणी आहोत असं वाटतं आणि मोकळ्या आकाशात 'टेरेन, पुल अप' सुरू होतं. दुय्यम रडार उपग्रहावर अवलंबून नाही. त्यामुळे अशा वेळी 'तुम्ही अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर आहात' असं जमिनीवरून कळणं वैमानिकाला मोलाचं ठरतं.

१५. जुहूची हेलिकॉप्टरं किती खालून जातात! त्यांना इशारा मिळतो का?

जुहूवरून उडणारी बरीचशी हेलिकॉप्टरं डोळ्यांनी जमीन पाहत उडतात. अशा उड्डाणांत डोंगर टाळणं वैमानिकाच्या नजरेवर असतं, म्हणून त्यांच्यासाठी एमसॉ साधारणपणे लागू ठेवत नाहीत. नाहीतर किनाऱ्याने जाणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला ती वाजत राहील. अडचण होते ती पावसाची सर आली आणि समोरचं दिसेनासं झालं की. अशा वेळी वैमानिकाने उपकरणांवरचं उड्डाण मागितलं, तर कंट्रोलरने त्याला त्या व्यवस्थेत घेऊन किमान उंचीवर चढवणं हे पहिलं काम.

१६. डोंगर टाळण्याची जबाबदारी कोणाची, वैमानिकाची की कंट्रोलरची?

मुळात वैमानिकाची. पण कंट्रोलरने 'अमुक दिशेला वळा' म्हणून त्याला ठरीव मार्गावरून बाजूला घेतलं, की ती कंट्रोलरकडे येते. विमान पुन्हा स्वतःच्या मार्गावर येईपर्यंत. यासाठी रडारवर किमान उंचीचा वेगळा नकाशा असतो : प्रत्येक भागातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर किमान हजार फूट, डोंगराळ भागात दोन हजारांपर्यंत.

ही जबाबदारी दोघांच्या मधे पडली तर? १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ७२७ 'अप्रोचला परवानगी' एवढं ऐकून खाली आलं. वैमानिकांना वाटलं, परवानगी दिली म्हणजे खाली यायला हरकत नसणार. कंट्रोलरने धरलं, उंची वैमानिक पाहतोय. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं, ब्याण्णव जण गेले. त्यानंतर अमेरिकेत विमानातलं इशारा-यंत्र सक्तीचं झालं आणि जमिनीवरच्या व्यवस्थेला गती आली.

१७. होमी भाभांच्या विमानाच्या वेळी रडार नव्हतं का?

होतं. म्हणूनच हा अपघात मी दर वर्षी शिकवतो. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७, मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला चाललेलं. दिशादर्शक रेडिओच्या दोन संचांपैकी एक बिघडलेला. वैमानिकाला वाटलं आपण माँ ब्लाँ ओलांडला. रडारवरच्या कंट्रोलरला ती चूक दिसली आणि डोंगर अजून पाच मैल पुढे आहे, असं त्याने सांगितलं. वैमानिकाने ते ऐकलं, पण डोंगर पार झाला असाच अर्थ लावला आणि उतरण चालू ठेवली. विमान सुमारे ४,७५० मीटर उंचीवर आदळलं. ११७ जण गेले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच मुंबईहून निघालेलं 'मलबार प्रिन्सेस' याच डोंगरावर गेलं होतं, त्यात अठ्ठेचाळीस जण होते.

१९६६ च्या कंट्रोलरकडे माहिती होती आणि त्याने ती दिलीही. वाक्यात 'उतरू नका' हे शब्द नव्हते. आजची ठरलेली वाक्यं (प्रश्न ७) आज्ञेच्या रूपात आहेत, कारण अंतर सांगितलं की ऐकणारा त्यात आपला समज मिसळतो.

१८. नवी मुंबई विमानतळामुळे हे सगळं बदलणार का?

नकाशे वाढतात. उलव्याची टेकडी कापून जागा सपाट केली तरी कर्नाळ्याचा सुळका, माथेरान आणि पारसिक जागेवरच आहेत, आणि दोन विमानतळांची येणारी-जाणारी विमानं एकाच आकाशात बसवायची आहेत. एका विमानतळाच्या उतारासाठी योग्य असलेली उंची दुसऱ्यासाठी इशाऱ्याची असू शकते, म्हणून प्रत्येक विमान कुठे उतरणार आहे ते संगणकाला अचूक माहीत असावं लागतं.

१९. इशारा वाजलेला नाही, पण विमान खाली चाललंय असं वाटतंय. शिकाऊ कंट्रोलरने बोलावं का?

हो. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार दोन हजार फुटांवर थांबलेलं होतं. पुढच्या चाकाचा एक दिवा लागत नव्हता आणि सगळे त्यातच गुंतले होते. विमान हळूहळू खाली सरकत होतं. कंट्रोलरच्या पडद्यावर नऊशेचा आकडा आला. रडारवर असे भरकटलेले आकडे अधूनमधून येत, म्हणून त्याने फक्त विचारलं, की तिकडे कसं काय चाललंय. वैमानिकांना वाटलं तो चाकाबद्दल विचारतोय. ते म्हणाले, ठीक आहे, आम्ही परत वळतो. काही सेकंदांत विमान दलदलीत कोसळलं. १०१ जण गेले. जमिनीवरच्या इशाऱ्याची व्यवस्था उभारण्यामागे याही अपघाताचा हात आहे.

माझ्या वर्गात हा प्रसंग आम्ही उभा करतो. एक मुलगा वैमानिक, एक कंट्रोलर. कंट्रोलरने कॉलसाइन घेऊन एवढंच म्हणायचं : 'तुम्हाला दोन हजार दिलेत, मला नऊशे दिसतात, उंची तपासा, क्यूएनएच अमुक.' घड्याळ लावून पाहिलं आहे, सहा सेकंदही लागत नाहीत.